उजवा कोपरा

या फेब्रुवारीत माझ्या सासूबाई गेल्या, आणि ज्या माणसाने अर्ध्या नांदेडची लग्नं टिपली त्याच्या घरात त्याच्या आईचा भिंतीवर लावण्याजोगा एक फोटो निघेना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तो माणूस म्हणजे माझा नवरा, रविकांत. घरात मी त्यांना ‘अहो’ म्हणते, डोकं फिरलं की ‘फोटोग्राफर’ म्हणते. लिहिताना मात्र नाव घेणार आहे, कारण एवढ्या वर्षांत ती संधी मला कुणी दिली नाही.

पुण्यानुमोदनाचा, म्हणजे त्यांच्या स्मरणाच्या कार्यक्रमाचा, दिवस ठरला होता. सासरे, म्हणजे ग्यानोबामामा, दाराजवळच्या खाटेवर बसून असायचे. रडणं आवरलं होतं, मागणं एकच होतं. “रवी, तुझ्या मायचा फोटो लाव. समोरच्या भितीला लाव, म्हंजी मला हितून दिसंल.” रविकांत “हाव बाबा” म्हणाले आणि मागच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले. मी चहा घेऊन गेले तर नुसते बसलेले. कॉम्प्युटर सुरूसुद्धा केला नव्हता. फोटो नाही हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

तो फोटो मिळाला का, ते सांगतेच. पण आधी हा माणूस थोडा कळायला पाहिजे, नाहीतर तुम्ही त्यांना नालायक म्हणाल. तसं म्हणायचा हक्क फक्त माझा आहे.

मामा मूळचे रेणापूरकडचे. विष्णुपुरीच्या इंजिनीअरिंग कॉलेजात माळी म्हणून लागले आणि इथलेच झाले. पोराने शिकावं, ऑफिसात पंख्याखाली बसावं, एवढी साधी इच्छा. पोराला मात्र कॉलेजच्या गॅदरिंगला येणाऱ्या फोटोग्राफरच्या मागेमागे फिरून भलताच नाद लागला. मामा चिडले तेव्हा आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई पारूबाई, मध्ये पडल्या होत्या. “करू द्या त्याला. फोटो काढून राहिला, कुणाची शेरडं तर न्हाई ना चोरून राहिला?” असं त्या म्हणाल्या, आणि विषय मिटला. आमच्या घरात विषय असेच मिटायचे. आत्याबाई एक वाक्य बोलायच्या आणि पुन्हा हातातल्या कामाला लागायच्या.

मी उदगीरची. लग्न होऊन आले तेव्हा रोलचे दिवस होते. एका रोलमध्ये छत्तीस फोटो, आणि त्या छत्तीसात हळद, लग्न, जेवणावळ आणि पाठवणी, सगळं बसवायचं. बटण दाबायच्या आधी रविकांत श्वास धरून उभे राहत. नवरीने डोळे मिटले तर मिटले, दुसरा काढायची सोय नाही. जयंतीच्या मिरवणुकीत लेझीम खेळणाऱ्या पोरांचा एक फोटो मनासारखा मिळावा म्हणून ते चौकात तासन्‌तास स्टुलावर उभे राहायचे. रोल धुवायला टाकून आले की जेवण जात नसे. पाकीट हातात येईपर्यंत तोंडाचा चंबू. मग फोटो यायचे, गल्लीतली माणसं ओट्यावर जमायची, आणि सगळ्यांच्या अंगठ्याचे ठसे उमटेपर्यंत ते पाकीट फिरायचं. तो रोल किती मेगापिक्सेलचा, असं तेव्हा कुणी विचारत नव्हतं. त्या दिवसांची मला अजून आठवण येते. खरं सांगायचं तर फार येते.

आमच्या स्वतःच्या लग्नात रविकांत नवरदेव, त्यामुळे फोटो त्यांच्या एका मित्राने काढले. त्या अल्बममध्ये आत्याबाई पुष्कळ ठिकाणी आहेत, पण दर ठिकाणी पाठमोऱ्या. कुठे पातेलं उचलताना, कुठे पाहुण्यांना पाणी देताना, कुठे माझी ट्रंक सरकवताना. त्यांची पाठ मी हजारांत ओळखेन.

मग डिजिटल आलं आणि माझ्या संसारात मेगापिक्सेल नावाचा पाहुणा शिरला. पहिला कॅमेरा सहा मेगापिक्सेलचा. रविकांतने तो टॉवेलात गुंडाळून, मोटारसायकलच्या टाकीवर ठेवून, तान्हं बाळ आणावं तसा घरी आणला. आमच्या लेकीला, बुद्धप्रियाला, दवाखान्यातून आणताना एवढं जपलं नव्हतं, हे मी त्यांना तेव्हाच ऐकवलं.

आता भिंतीचं सांगते. आमच्या घराची पूर्वेकडची भिंत बिनगिलाव्याची आहे. लाल विटा, ओळीने. सकाळचं ऊन तिच्यावर सरळ येतं. कॅमेरा खरोखर किती बारीक बघतो ते तपासायला अशीच भिंत लागते म्हणे. विटांच्या ओळी सरळ असतात, त्यामुळे भिंग कुठे वाकडं बघतंय ते लगेच कळतं. भिंतीच्या मधोमध पेपरचं एक पान चिकटवायचं, बारीक जाहिरातींचं. धुण्याच्या दगडाला टेकवून स्टँड उभा करायचा, म्हणजे जागा दर वेळी तीच. फोटो काढायचा, कॉम्प्युटरवर टाकायचा आणि मोठा करत जायचं. पानावरची ‘वधू पाहिजे’ वाचता आली की मग कोपरे बघायचे. “मधलं कुणालाबी जमतंय. भिंगाची परीक्षा कोपऱ्यात असती,” हे रविकांतचं तत्त्वज्ञान. कोपऱ्यातल्या विटा पुसट दिसल्या की ते म्हणायचे, कोपऱ्यात पाणी झालं, आणि मग दिवसभर घरात सुतक.

या तपासणीपायी ती भिंत तशीच राहिली. मामांनी कितीदा गिलाव्याचं काढलं, गवंडीसुद्धा सांगून ठेवला, पण रविकांत दर वेळी आडवे. “बाबा, ती भित सोडून बाकी घर सोन्याचं करा.” आत्याबाई हसायच्या. “लोकाच्या घराला गिलावा, आमच्या घराला कॅमेरा.”

त्या भिंतीच्या पायथ्याशी, उजव्या कोपऱ्यात, लहानसा ओटा आहे. सकाळी ऊन खात तिथे बसायचं आणि सुपात काहीतरी निवडायचं, ही आत्याबाईंची रीत. ज्वारी, तूर, नाहीतर मेथीची जुडी. पहिल्या कॅमेऱ्याच्या दिवशीही त्या तिथेच होत्या.

“माय, जरा सरक.”

“मी कुठं तुझ्या विटा झाकून राहिले?”

“सरक की गं थोडी.”

त्या काही सरकल्या नाहीत. रविकांतने तसाच फोटो काढला. कॉम्प्युटरवर मला दाखवताना म्हणाले, “हे तीन कोपरे बघ. उजवा सोड, तिथं माय हाय.” मग आम्ही तीन कोपरे बघितले. विटा ठीक होत्या. रविकांतने पेढे आणले.

त्या सहा मेगापिक्सेलवर आम्ही चार-पाच वर्षं जगलो. फोटो मी बसवायचे, अल्बम मी जोडायचे, कॉम्प्युटर माझ्याच हाताखाली होता. ते अल्बम आजही नांदेड-लातूरच्या कपाटांतून आहेत. एकाही बाईने परत आणून, फोटोत माझ्या नथीचा मोती पुसट दिसतोय, अशी तक्रार केलेली नाही. पण बाजार काही स्वस्थ बसू देत नाही. लग्नाची ऑर्डर द्यायला येणारा पोरगा जय भीम घालायच्या आधी विचारायचा, “भाऊ, तुमचा कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हाय?” पलीकडच्या स्टुडिओत बारा आला होता. रविकांतचा चेहरा असा व्हायचा की जणू कुणी त्यांची जातपात विचारली.

म्हणून बारा आला. मग चोवीस. प्रत्येक वेळी तीच भिंत, तोच दगड, नवं पेपरचं पान. आणि प्रत्येक वेळी रविकांतचं आईला एक वचन. “माय, ह्या कॅमेऱ्याचा पहिला फोटो तुझा.” त्यावर आत्याबाईंचं ठरलेलं. “आधी तुझ्या विटांचा काढ. माझं लुगडं मळलंय, धुणं झाल्यावर बघू.” धुणं व्हायचं, तोवर रविकांतला फोन यायचा, कुठे कंधारचं लग्न, कुठे देगलूरची हळद, आणि बॅग उचलून स्वारी बाहेर. जाताना त्या त्यांच्या हातात चटणी-भाकरीचा डबा द्यायच्या. फोटोची मी कधी आठवण करून दिली तर म्हणायच्या, “मी काय पळून चालले व्हय?”

लातूरला माझ्या शाळेतल्या मन्मथची फ्लेक्सची प्रेस आहे. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली, त्याला सगळं सारखंच. बुद्धप्रिया लातूरला क्लासला होती तेव्हा तिला भेटायला गेलो की त्याच्याकडे चहा व्हायचा. एकदा त्याच्या दारात भलाथोरला फ्लेक्स सुकत टाकला होता, कुणा पुढाऱ्याच्या भाच्याचा. रविकांत जवळ जाऊन वाकून बघायला लागले. “मन्मथराव, हे काय? गालावर नुसते चौकोन दिसून राहिलेत.” मन्मथ म्हणाला, “व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो हाय भाऊ. पण तुम्ही फ्लेक्सचा मुका घेऊन राहिलाव का? हा चौकात लागणार. लोक रस्त्यावरून बघणार. तिकडं जाऊन बघा की.” रविकांत रस्त्यापलीकडे गेले, बघितलं, आणि परत आले. बसमध्ये म्हणाले, “तरीबी ते बरोबर न्हाई.” मी म्हटलं, भाचा ओळखू येत होता ना? त्यावर त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. हा माणूस हरला की खिडकी शोधतो.

शेवटी पंचेचाळीस मेगापिक्सेल आला. त्याचा एक फोटो उघडेपर्यंत माझा चहा होऊन जायचा. आणि ते पंचेचाळीस मेगापिक्सेलचं लग्न लोक बघायचे कशावर? तळहाताएवढ्या मोबाईलवर, तेही अंगठ्याने ढकलत ढकलत. मी हे बोलले की घरात भांडण. पण रविकांत तो कॅमेरा जिवापाड जपायचे. तपासणीच्या दिवशी त्यांनी पेपरचं पान चारी बाजूंनी चिकटवलं, दगडाला पाणी मारून पुसून घेतलं, आणि आईला म्हणाले, “माय, आज मला चारी कोपरे पाहिजेत. तू आत जा बरं.”

आत्याबाई तोवर थकल्या होत्या. भिंतीला हात लावून उठल्या आणि आत गेल्या.

तर अशी ही माणसं. आता पुन्हा त्या फेब्रुवारीकडे येते.

आम्ही आधी ओळखपत्रावरचा फोटो काढून बघितला. मामांना दाखवला. त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याने धूसर दिसतं. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला आणि परत दिला. “ही कुणाला भिऊन राहिली? पारू कुणाला भेत नव्हती.” मग बुद्धप्रियाने तिचा मोबाईल चाळला. आजीचे फोटो तिच्याकडे बरेच होते, पण सगळ्यांत आजीचा हात आडवा. कॅमेरा दिसला की आत्याबाई तोंडापुढे हात धरायच्या आणि हाताआडून हसायच्या. पोरीला तेव्हा त्याची गंमत वाटायची. आता ती मोबाईल धरून एकेक फोटो बघत होती आणि डोळे पुसत होती. सगळ्या फोटोंत मिळून आम्हाला एक हात मिळाला, हिरव्या बांगड्यांचा.

रविकांतने जुन्या डिस्क काढल्या. लग्नं, बारशी, जयंत्या, कॉलेजची गॅदरिंगं. हजारो माणसं समोरून गेली. कुणाची आजी, कुणाची मावशी, कुणाची माय. आपली नव्हती. माझा त्यांच्यावर राग होता, लपवत नाही. एवढी वर्षं घरात कॅमेरे नांदवले आणि एक बाई टिपता आली नाही, असं माझ्या जिभेवर आलं होतं. पण त्यांची मान बघितली आणि गिळून टाकलं. आई गेल्यावर बाप्या माणसाची मान कशी लहान पोरासारखी दिसायला लागते, हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

आणि मग मला उजवा कोपरा आठवला.

“अहो,” मी म्हटलं, “भितीचे फोटो कुठं हायेत?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्याही ध्यानात आलं. तपासणीचे फोटो ते कधी पुसत नसत. जुन्या कॅमेऱ्याशी नवा ताडून बघायला ठेवलेले असायचे. त्यांनी आधी पंचेचाळीसचा उघडला. सवयच ती, मोठ्यापासून सुरुवात. फोटो उघडायला नेहमीसारखा वेळ लागला. मग उजवा कोपरा मोठा करत गेले. ओटा दिसला. ओट्यावर सूप दिसलं. आत्याबाई आत जाताना सूप तिथेच ठेवून गेल्या होत्या. त्यातली तूर इतकी स्वच्छ होती की दाणा न्‌ दाणा मोजावा, खडा कुठला आणि डाळ कुठली ते सांगावं. बाई मात्र नव्हती.

चोवीसचा उघडला. त्यात त्या होत्या, पण कडेला. एक गुडघा, लुगड्याचा काठ आणि हात. बाकीच्या फोटोच्या बाहेर. तेव्हा सरक म्हटल्यावर त्या तेवढ्या सरकल्या होत्या. बाराच्या फोटोत पूर्ण होत्या, पण मान खाली. आपला अडथळा नको म्हणून अंग चोरून, भिंतीला चिकटून बसल्यासारख्या. चेहरा दिसतच नव्हता, भांग तेवढा दिसत होता.

मग सहाचा. पहिला. ज्या दिवशी त्यांनी सरकायला नकार दिला तो.

त्यात आत्याबाई ऐसपैस बसलेल्या. मांडीत सूप, एक हात सुपात तसाच थांबलेला, पदर खांद्यावर, आणि मान वर. सरळ समोर बघत होत्या. हनुवटीवरचं गोंदण, ते तीन हिरवे ठिपके, तेही होते. तोंडभर हसू नव्हतं, पण हसू येण्याआधी चेहरा असतो तसा चेहरा. कॅमेऱ्यात वाकून बसलेल्या आपल्या पोराकडे त्या बघत होत्या.

रविकांतने एकेक करून चारही फोटो पुन्हा उघडले. सहा, बारा, चोवीस, पंचेचाळीस. मग माऊसवरचा हात काढला. “मीच सरकवलं तिला,” म्हणाले. “सरक सरक म्हणून, मीच.” मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

पण फोटो हाताशी आला तरी काम झालं नव्हतं. रविकांतमधला फोटोग्राफर जागा झाला. भिंतीच्या फोटोतला तो एक कोपरा, त्यात ती बसलेली बाई, त्यात तिचा चेहरा. एवढ्याशा चेहऱ्याची भिंतीवर लावण्याजोगी तसबीर करायची म्हणजे चौकोन दिसणारच. “पाणी होतंय. सगळं पाणी होतंय,” ते म्हणत राहिले. आता एक नवं तंत्र आलंय, पुसट चेहरा टाकला की कॉम्प्युटर आपल्या अकलेने भरून काढतो. ते त्यांनी चालवलं. चेहरा असा आला की बघत राहावं. पापणीचा केस न्‌ केस, कातडी तुकतुकीत, डोळ्यांत चमक. रविकांतच्या तोंडावर दिवसांनी थोडं तेज आलं. छापून, चौकटीत बसवून त्यांनी तो खाटेसमोरच्या भिंतीवर लावला.

मामांनी बघितला. बराच वेळ बघितला. मग अगदी आदराने विचारलं, “बाई चांगली हाय. कोन हाय?”

बुद्धप्रिया आत निघून गेली. मामा पुन्हा म्हणाले, “हिचं गोंदण कुठाय?” मी जवळ जाऊन बघितलं. खरंच नव्हतं. कॉम्प्युटरला ते तीन ठिपके डाग वाटले असणार, त्याने पुसून टाकले होते. रविकांतने उठून फोटो काढला आणि भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात ठेवला. “आता न्हाई व्हत माझ्याच्यानं,” म्हणाले, आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.

कार्यक्रम दुसऱ्या दिवशी होता. पाहुणे निघाले होते, रेणापूरची मंडळी तर रेल्वेने परभणीपर्यंत येऊन पोचली होती. मला संताप आला. त्यांचा, कॉम्प्युटरचा, सगळ्या मेगापिक्सेलांचा. मी म्हटलं, “अहो फोटोग्राफर, तो फोटो कोन बघणार हाय?”

“बाबा.”

“कुठून बघणार?”

ते वळले.

“खाटेवरून बघणार,” मी म्हटलं. “नाक लावून न्हाई बघणार. तो लातूरचा भाचा रस्त्यावरून ओळखू आला, मग माझ्या आत्याबाई खाटेवरून न्हाई का येणार? जसा हाय तसा छापा. काही भरू नका, काही पुसू नका.”

त्यांनी वाद घातला नाही. स्टुडिओत गेले आणि संध्याकाळी फोटो घेऊन आले. हातात धरला तर चेहरा फुटल्यासारखा दिसत होता. चौकोन चौकोन, कडा पुसट, गोंदणाचे तीन ठिपके म्हणजे तीन हिरवट चौकोन. रविकांत तो माझ्या हातात देतानाही बघेनात. मीच स्टुलावर चढले आणि त्याच खिळ्याला लावला, बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींच्या बाजूला. मग खाली उतरून खाटेपाशी आले, मामांच्या शेजारी उभी राहिले आणि बघितलं.

आत्याबाई होत्या. खोटं नाही सांगत, त्या बसल्या होत्या, आणि आता हातातलं काम टाकून काहीतरी एक वाक्य बोलतील असं वाटत होतं.

“हाव,” मामा म्हणाले. “हीच.”

त्यांनी दोन्ही हात जोडले नाहीत की काही नाही. बायको समोर येऊन बसल्यावर नवरा जसा बघतो तसे बघत राहिले. मग विचारलं, “कुणाकडं बघून राहिली ही?”

रविकांत दाराशी उभे होते. “माझ्याकडं, बाबा.”

“अन्‌ तू?”

“मी विटा बघून राहिलो होतो,” रविकांत म्हणाले, आणि तिथेच उंबऱ्यावर बसून रडले. आई गेल्यापासून ते पहिल्यांदा रडले. मामांनी त्यांना रडू दिलं.

कार्यक्रम नीट झाला. भन्तेजींनी त्रिशरण पंचशील दिलं, मेणबत्त्या लागल्या, पांढऱ्या कपड्यांनी घर भरून गेलं. आलेला प्रत्येक माणूस दारातून आत पाऊल टाकायचा आणि त्याला समोर पारूबाई दिसायच्या. रेणापूरच्या एका म्हातारीने तर हातवारे करून त्यांना दोन गोष्टीही सांगितल्या. जवळ जाऊन चौकोन बघायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे उठायच्या आधी अंगणात खुडबुड ऐकू आली. बघते तर धुण्याच्या दगडाला टेकवून स्टँड उभा, त्यावर पंचेचाळीस मेगापिक्सेलचा कॅमेरा. भिंतीवर पेपरचं पान नव्हतं. रविकांत मामांना हाताला धरून घेऊन आले आणि उजव्या कोपऱ्यातल्या ओट्यावर, आत्याबाईंच्या जागेवर त्यांना बसवलं. ऊन नुकतं विटांवर आलं होतं. मामांनी टोपी नीट केली, मग पुन्हा काढली, मग मांडीवर ठेवली.

रविकांत कॅमेऱ्यात वाकले. मग पुन्हा सरळ झाले आणि कॅमेऱ्याच्या वरून, नुसत्या डोळ्यांनी, बापाकडे बघत उभे राहिले.

“बाबा,” ते म्हणाले, “सरकू नका.”

“मी कुठं सरकून राहिलो?” मामा म्हणाले.